उभा ट्रॅक्टर पाहिजे

"घ्या की. फक्त ठेवणार कुठे, तेवढं सांगा," बायको म्हणाली आणि पुन्हा वांग्यांना चिरा देऊ लागली.

नकार आला असता तर सोपं होतं. नकाराशी भांडता येतं, रुसता येतं, संध्याकाळभर गच्चीवर फेऱ्या मारता येतात. होकाराच्या पोटात प्रश्न घालून दिला की माणूस गप्पच होतो. याच प्रश्नानं आमच्या घरात दुर्बीण येऊ दिली नाही, कबुतरं येऊ दिली नाहीत. पेटी तेवढी आली. तिच्यावर हल्ली इस्त्रीचे कपडे असतात.

या खेपेला मात्र प्रश्न वाजवी होता. मला जुना ट्रॅक्टर हवा आहे आणि आम्ही नागपुरात, प्रतापनगरला तिसऱ्या मजल्यावर राहतो.

सोसायटीच्या सचिवांना मी आडून विचारून पाहिलं. त्यांनी उपविधींचं पुस्तक काढलं. कुत्र्यांबद्दल नियम सापडला, गच्चीत पापड वाळवण्याबद्दल सापडला, मसाला कांडण्याच्या वेळा सापडल्या. ट्रॅक्टरबद्दल एक ओळ नाही. मला आनंद झाला. "नियम नाही म्हणजे परवानगी नाही," सचिव म्हणाले आणि पुस्तक मिटलं. सरकारी नोकरीत छत्तीस वर्षं मीही हेच वाक्य लोकांना ऐकवत होतो, त्यामुळे तक्रार करायला तोंड नव्हतं.

निवृत्तीनंतर माणसाला काहीतरी लागतंच. माझ्या बरोबरचा एकजण पहाटे अंबाझरी तलावाच्या काठावर जाऊन मोठ्यानं हसतो. दुसरा सहा महिने अमेरिकेत मुलाकडे असतो आणि उरलेले सहा महिने त्याबद्दल सांगतो. तिसऱ्यानं शेअर बाजार धरला, तो मात्र हसत नाही. यांच्यापेक्षा माझी मागणी फार मोठी आहे असं मला वाटत नाही. आकारानं असेल.

आता शेत नाही आणि ट्रॅक्टर कशाला, असं कुणी विचारेल. शेत होतं. काटोलकडच्या गावी वडिलांचं चार एकर वावर होतं. वडील गेल्यावर वाटण्या झाल्या, वाटणीला आलेल्या तुकड्यातून माझं शिक्षण, बहिणीचं लग्न आणि या फ्लॅटचा पहिला हप्ता उगवला. तेवढं पीक काढून जमीन दुसऱ्याच्या नावावर गेली. राहिला तो आवाज.

गावात तेव्हा ट्रॅक्टर हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. फेब्रुवारी-मार्चच्या रात्री अंगणात बाज टाकून पडलं की दूरच्या वावरातून नांगरणीचा आवाज यायचा. आजीला दिसायचं कमी, पण ऐकून ती सांगायची, "हा पाटलाचा. आन् तो दुसरा, धापा टाकून राह्यला तो, सावकाराचा." कधी चुकली नाही. आम्ही पोरं दिवसा पाटलाच्या लाल ट्रॅक्टरमागं धुळीत धावायचो, आणि ड्रायव्हरची मर्जी असली तर मडगार्डवर बसायला मिळायचं. त्या मडगार्डवरून गाव जसं दिसलं तसं नंतर कुठल्याही विमानातून काही दिसलं नाही.

वडिलांचं ट्रॅक्टरबद्दलचं मत चांगलं नव्हतं. काटोलच्या बाजारातून रात्री परतताना ते बंडीत आडवे व्हायचे, कासरा सैल सोडायचे, आणि बैल त्यांना बरोबर घराच्या दारात आणून उभे करायचे. "ट्रॅक्टरवर निजून पाह्य एकदा," ते म्हणायचे. या मुद्द्याला ट्रॅक्टर बनवणाऱ्या कुठल्याही कंपनीकडे अजून उत्तर नाही.

तर ट्रॅक्टर घ्यायचा. पण कोणता? जुन्या मोटारी हौसेनं घेणारे लोक रंग बघतात, बॉनेटवरचा पुतळा बघतात, कुठल्या राजानं वापरली ते विचारतात. ट्रॅक्टर राजा वापरत नाही. मी ठरवलं, आपण आजीच्या पद्धतीनं निवडायचा. कानानं. कानानं निवडायचं तर हिशेब सोपा आहे. इंजिनाला सिलिंडर किती, तेवढंच बघायचं. एकवाला डग्... डग्... करत एकेक शब्द तोलून बोलतो. दोनवाला चालताना लंगडतो. तीनवाला घोड्यासारखा दुडकतो. चारवाला सलग गुरगुरतो, त्यात मधे श्वास ऐकू येत नाही.

एकवाल्यांत थोरला म्हणजे जर्मनीचा लांझ बुलडॉग. १९२१ साली मानहाइम गावी जन्मला. याला सुरू करणं हा एक विधीच होता. आधी इंजिनाच्या नाकाडावर ब्लोलँप धरून त्याचं डोकं लाल होईपर्यंत तापवायचं. मग स्टिअरिंगचं चाक दांड्यासकट उपसून काढायचं, ते बाजूच्या फ्लायव्हीलमध्ये खुपसायचं आणि त्यानंच इंजिन हेलकावत फिरवायचं. जळणाचं त्याला वावडं नाही, जे तेल घालाल ते पितो. गंमत अशी की हे इंजिन उलटंही तितक्याच आनंदानं फिरतं. सुरू करताना हात चुकला तर पुढचा गिअर टाकल्यावर ट्रॅक्टर मागं निघतो. आमच्या खात्यात असे दोघेतिघे होते. बुलडॉग मी फक्त मोबाइलवर पाहिला आहे, आणि रात्री अकरा वाजता तो आवाज मोठा करून ऐकल्याबद्दल घरात एकदा बोलणंही खाल्लं आहे. पण आपल्याकडच्या उन्हात कुणाचं डोकं मुद्दाम तापवायचं, हे मनाला पटेना. नाद सोडला.

आपल्याकडचा एकवाला म्हणजे आयशर. भारतात बांधलेल्या ट्रॅक्टरांची गोष्ट याच्यापासून सुरू होते. जर्मनीच्या आयशर बंधूंशी करार करून १९५९-६० च्या सुमारास फरीदाबादला याचं काम सुरू झालं. तेव्हा देशाचे कृषिमंत्री आपल्या अमरावतीकडचे पंजाबराव देशमुख होते, हे आम्ही वैदर्भीय लोक ओघात सांगून टाकतो. १९६१-६२ या वर्षात सबंध देशात ८८० ट्रॅक्टर तयार झाले. आता वर्षाला नऊ लाखांच्या आसपास खपतात आणि जगात सगळ्यांत जास्त ट्रॅक्टर आपण घेतो. पण त्या ८८० मधला एखादा अजून कुठंतरी डगडगत असेल, या विचारानं मला झोप लागत नाही. आयशरचं इंजिन हवेनं थंड होतं. रेडिएटर नाही, पाणी नाही. नागपुरात मे महिन्यात पारा पंचेचाळिशी ओलांडतो, तेव्हा माणसंही हवेनं थंड होत नाहीत, त्यांना कूलर लागतो. हा गडी मात्र तशा उन्हात नुसत्या वाऱ्यावर वखरत असे.

दोनवाला म्हणजे एचएमटी झेटर, पंचवीस हॉर्सपॉवरचा. झेटर मूळचा चेकोस्लोव्हाकियातल्या ब्रनो गावचा. तो कारखाना शस्त्रांचा. ब्रेन गन नावातला 'ब्र' याच ब्रनोतून आलेला. महायुद्ध संपल्यावर त्यांनी ट्रॅक्टर काढला, कारखान्याच्या नावातलं 'झेट' घेतलं, ट्रॅक्टरमधलं शेवटचं 'ओर' घेतलं आणि झेटर केला. १९७१ च्या सुमारास एचएमटीनं तो हरियाणात पिंजोरला बनवायला घेतला. म्हणजे एकाच कंपनीचं घड्याळ मनगटावर आणि तिचाच ट्रॅक्टर वावरात, असा एक काळ होता. माझ्या मामांकडे दोन्ही होती. घड्याळाला रोज किल्ली द्यावी लागे आणि ट्रॅक्टरला हँडल. मामा म्हणायचे, एचएमटी माणसाला आळशी होऊ देत नाही. २०१६ मध्ये केंद्र सरकारनं एचएमटीचा ट्रॅक्टर विभाग बंद केला. मामांचं घड्याळ माझ्याकडे आहे, ते चालतं.

तीनवाल्यापाशी मला जरा थांबावं लागेल, कारण तिथं हॅरी फर्ग्युसन भेटतो. आपल्याकडे मॅसी म्हणून जो ट्रॅक्टर मद्रासच्या टाफेनं १९६० नंतर आणला, त्याच्या आडनावातला फर्ग्युसन तो हाच. आयर्लंडचा शेतकऱ्याचा मुलगा, शेतीचा कंटाळा आला म्हणून यंत्रांत शिरला आणि आयुष्यभर शेतीच्याच यंत्रांत राहिला. त्याच्या आधी नांगर ट्रॅक्टरच्या मागं साखळीनं किंवा दांड्यानं बांधून ओढत. नांगर दगडाला अडला की मागची चाकं थांबत नसत. मग ट्रॅक्टरचं तोंड वर यायचं आणि तो पाठीवर उलटा पडायचा. त्यावर बसलेला माणूस मरायचा. फर्ग्युसननं नांगर ओढण्याऐवजी ट्रॅक्टरच्या पाठीवर घेतला. खाली दोन दांड्या, वर एक, असा त्रिकोण. नांगर जमिनीत रुतून मागं खेचू लागला की वरची दांडी उलट पुढं ढकलते आणि ट्रॅक्टरचं तोंड जमिनीवर दाबून ठेवते. माती घट्ट लागली तर हायड्रॉलिक आपणहून नांगर थोडा उचलतं. आज तुम्ही कळमन्याच्या बाजारात धान्य घेऊन आलेला कुठलाही ट्रॅक्टर मागून बघा, हा त्रिकोण दिसेल. मागून बघायची सवय मात्र लोकांना नाही.

याच फर्ग्युसनचे छोटे ट्रॅक्टर, टीई-२०, घेऊन एडमंड हिलरी ४ जानेवारी १९५८ ला दक्षिण ध्रुवावर पोचला. एव्हरेस्ट चढून झाल्यावर माणसाला काय करावंसं वाटतं, तर ट्रॅक्टर चालवावासा वाटतो. हे मी बायकोला सांगितलं. "त्यांच्याकडे ठेवायला जागा होती," ती म्हणाली.

आणि चारवाला म्हणजे पाटलाचा लाल. इंटरनॅशनल बी-२७५. मूळचा इंग्लंडातला. १९६३ मध्ये महिंद्रा, अमेरिकेची इंटरनॅशनल हार्वेस्टर आणि व्होल्टास अशा तिघांनी मिळून कंपनी काढली आणि कांदिवलीला हा ट्रॅक्टर बनू लागला. पुढं सगळा कारभार महिंद्राकडे आला. आता तर त्यांचा ट्रॅक्टरचा कारखाना माझ्या घरापासून अर्ध्या तासावर, हिंगण्याच्या एमआयडीसीत आहे. नवे कोरे लाल ट्रॅक्टर ट्रेलरवर चढून रस्त्याला लागलेले मी टपरीवर तर्रीपोहे खाताना बघतो. सगळे सारखे, सगळे चकचकीत. नव्या ट्रॅक्टरबद्दल मला आदर आहे. पण आदर वाटतो त्याला कुणी घरी आणायची हौस धरत नाही.

इथवरची निवड मी एकट्यानं, पंख्याखाली बसून केली. नंतर मिस्त्री भेटले.

वाडीजवळ त्यांचं गॅरेज आहे, म्हणजे एक कडुनिंब आहे आणि त्याखाली ते असतात. वय सत्तरीचं, हाताच्या रेषांत ग्रीस इतकं मुरलेलं की ज्योतिषालाही भविष्य दिसणार नाही. मी माझी सिलिंडरांची थिअरी त्यांना सांगितली. त्यांनी पूर्ण ऐकून घेतली, आणि म्हणाले, "आवाज सगळ्यात मंग. पहिले कागद. मंग ऑइल. मंग लिफ्ट. आवाज तर पोंगाही देते."

कागदांचं प्रकरण खोल निघालं. जुना ट्रॅक्टर ज्याच्या नावावर असतो तो माणूस बहुधा फोटोत असतो, हार घातलेल्या. त्याची मुलं तीन, सह्या तिघांच्या लागतात, आणि तिघं एकत्र येण्याचा योग फक्त पोळ्याला. कर्ज काढून घेतलेल्या ट्रॅक्टरचा बोजा सातबाऱ्यावर चढलेला असतो. ट्रॅक्टर भंगारात गेला तरी तो उतरवून घ्यायचा राहून जातो. आरसी बुक बहुतेकांकडे "होतं".

यातून सरकारी वाट निघेल म्हणून मी नियम धुंडाळले. २०२१ मध्ये केंद्र सरकारनं जुन्या गाड्यांसाठी वेगळी नोंदणी काढली. पन्नास वर्षांवरची गाडी असेल तर तिला 'व्हीए' अक्षरांचा खास नंबर, पहिल्या नोंदणीला वीस हजार रुपये. खातं आपल्या नागपूरच्याच गडकरींकडे, तेव्हा मला घरचं कार्य असल्यासारखं वाटलं. बारकाईनं वाचलं तर नियम दुचाकीला आणि मोटारीला. ट्रॅक्टरचं नावच नाही. त्याच वर्षी फेब्रुवारीत गडकरींनी डिझेलवरचा ट्रॅक्टर सीएनजीवर फिरवून देशापुढं आणला होता, म्हणजे ट्रॅक्टरचा विसर पडला होता असंही म्हणता येत नाही. आणखी वाचलं तेव्हा उलगडा झाला. 'व्हीए' नंबराची गाडी रोजच्या कामाला रस्त्यावर आणायची नाही. प्रदर्शनाला न्यावी, फेरीला न्यावी, तेल भरायला न्यावी, बस. आता ही अट तुम्ही काटोल तालुक्यातल्या ट्रॅक्टरला घालून पाहा.

मिस्त्रींबरोबर मी पाच-सहा गावं फिरलो. त्यांची परीक्षा बघण्यासारखी असते. इंजिन चालू ठेवून ते ऑइल भरायच्या तोंडावरचं झाकण काढतात आणि वर तळहात धरतात. आतून धाप लागल्यासारखी हवा आली तर रिंगा गेल्या. मग धूर. काळा असला तर हवा कमी पडते किंवा पंप डिझेल जास्त देतो, ते दुरुस्त होतं. निळा असला तर ऑइल जळतंय, म्हणजे खिसा जळणार. मग मागं नांगर अडकवून लिफ्टनं उचलायचा, इंजिन बंद करायचं आणि चहा मागवायचा. चहा संपेस्तोवर नांगर जागेवर राहिला तर हायड्रॉलिक बरं आहे. हळूहळू खाली आला तर मिस्त्री दुसरा चहा घेत नाहीत. आणि कुठं ताजा लाल किंवा निळा रंग मारलेला दिसला की ते चार पावलं मागं सरतात. "मेकप कोन करते? ज्याले उजवायचं हाये तो," ते म्हणतात.

सावनेरकडे एक एचएमटी पाहायला गेलो. मालकानं फोनवर "लय जुना हाये" म्हटलं होतं. जुना होता खरा, पण त्याला पाण्याचा टँकर जोडलेला होता आणि अर्धं गाव त्यावर पाणी भरत होतं. कुहीकडे एक मॅसी चिंचेखाली उभा दिसला, मला भरून आलं. तेवढ्यात एक मुलगा आला, त्यावर चढला आणि धानाचं मळणीयंत्र ओढत निघून गेला. एका ठिकाणी ट्रॅक्टर खरोखर उभा होता. हत्यारांच्या पेटीत कोंबडी अंड्यांवर बसली होती. मालक म्हणाले, पिल्लं बाहेर पडली की पेरणीला काढतो.

असं प्रत्येक ठिकाणी झालं. मी 'शौकासाठी' म्हणायचो आणि समोरचा माणूस माझ्याकडे नीट बघायचा. एका काकाजींनी तर मिस्त्रींनाच विचारलं, "यायले वावर किती हाये जी?" मिस्त्री म्हणाले, "तिसरा मजला हाये." काकाजी बराच वेळ तो हिशेब करत होते.

परतताना माझ्या ध्यानात आलं ते असं. हौसेला जुनी वस्तू मिळायची तर ती आधी कुणीतरी टाकून दिलेली असावी लागते. मोटार टाकून देतात, कारण शेजाऱ्यानं नवी घेतलेली असते. आमच्याकडे पन्नास वर्षांचा ट्रॅक्टर कुणी टाकलेलाच नाही. त्याचं इंजिन दोनदा उतरलं, पंप तीनदा, टायर मोजलेलेच नाहीत, पण सोमवारी तो कामावर हजर. म्हातारा होऊन बसायची त्याला सवड नाही. सरकारनं त्याला जुन्यांच्या यादीत घातलं नाही ते विसरून नव्हे. फक्त एकोणसाठाव्या वर्षी मला मात्र यादीत घातलं, हे मनाला लागलं.

आमच्या भागात ट्रॅक्टरची पहिली मोठी फौज आली तीही अशीच दुसऱ्याची उतरलेली होती. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकन लष्करानं इथं सोडलेली यंत्रं सरकारनं घेतली, १९४७ मध्ये मध्यवर्ती ट्रॅक्टर संघटना उभी केली आणि कांस गवतानं गिळलेल्या जमिनी मोकळ्या करायला ती मध्य भारतात उतरवली. त्या वेळच्या मध्य प्रांताची राजधानी नागपूर. शरद ऋतूत पांढरा फुललेला कांस कवींना फार आवडतो. त्याची मुळं किती खोल जातात ते शेतकऱ्यानं विचारावं. बैलाच्या नांगराला ती हार जात नसत. जागतिक बँकेनं १९४९ मध्ये आपल्याला शेतीसाठी जे पहिलं कर्ज मंजूर केलं, एक कोटी डॉलरचं, ते या कांसापायीच. लष्कराच्या कामाला आलेली यंत्रं गवत उपटायला लागली, आणि तेव्हाही कुणी म्हटलं नाही की आता यांना शोभेला ठेवू.

शेवटी मी आपल्याच गावी गेलो. फाल्गुन संपत आला होता. या वेळी बायको बरोबर होती. पळस बघायला येते म्हणाली. पाटलाच्या वाड्यात त्यांची नातसून भेटली. "बसा काकाजी. ट्रॅक्टर वावरात गेला हाये, दिवस मावळता येईन."

म्हणजे होता!

आम्ही धुऱ्याधुऱ्यानं वावराकडे निघालो. बाभळीच्या पलीकडे काही दिसायच्या आधीच ऐकू आलं. सलग गुरगुर, मधे श्वास नाही. मी बायकोला म्हटलं, "हा पाटलाचा." आजीनंतर पन्नास वर्षांनी हे वाक्य त्या शिवारात उच्चारलं गेलं, पण बायको पळसाकडे बघत होती.

पाटलाचा नातू पराटीचं वावर नांगरत होता. ट्रॅक्टर आता लाल म्हणवत नव्हता, विटेच्या रंगाकडे झुकला होता. बॉनेट दुसऱ्या कुठल्या ट्रॅक्टरचं, सीटवर पोतं. इंजिन दोनदा उतरलेलं, स्टिअरिंग बदललेलं. "मंग जुनं काय राह्यलं?" मी विचारलं. त्यानं विचार केला आणि म्हणाला, "मडगार्ड."

मी येण्याचं कारण सांगितलं. त्याला राग आला नाही, हसूही आलं नाही. "घेऊन जा ना काका. गावचेच हा तुमी. फक्त याच्या बदली एक नवा आनून द्या. वखरन कोन मंग?" इतका सरळ व्यवहार मला सबंध नोकरीत कुणी सांगितला नव्हता.

मग त्यानंच विचारलं, चालवता का. मी बसलो. क्लच माझ्या गुडघ्याच्या वयाला शोभेल इतका जड होता. तो मडगार्डवर उभा राहून सूचना देत होता, "धुऱ्याकडे पाहा, चाकाकडे नाई." एक तास मारला. नांगराचा एक तास मारायला घड्याळाची वीस मिनिटं गेली, मामांचं एचएमटी हातात होतं म्हणून सांगतो. मागं वळून पाहिलं तर त्याचे तास दोरी धरल्यासारखे सरळ, आणि माझा वैनगंगेसारखा. त्यानं न बोलता दुसऱ्या खेपेला तो बुजवून टाकला.

त्या दुसऱ्या खेपेला मडगार्डवर बायको बसली होती. त्यानं "काकू, बसता का" म्हटलं आणि ती पदर खोचून चढली, माझी परवानगी वगैरे काही भानगड नाही. धुऱ्याला उभा राहून मी बघत होतो. खाली उतरल्यावर साडीवरची माती झटकत ती म्हणाली, "यांनी ठेवायची जागा चांगली केली आहे."

शोध थांबलेला नाही. मिस्त्रींच्या कानावर भंडाऱ्याकडचा एक आयशर आला आहे, एकसिलिंडरी. पण धानाच्या वेळी मोकळा नसतो म्हणतात. वाचकांपैकी कुणाच्या वाड्यात, गोठ्यात, चिंचेखाली जुना ट्रॅक्टर असेल तर कळवावं. कोणत्याही कंपनीचा चालेल, सिलिंडर कितीही असोत, रंग उडालेला असला तर उत्तम. अट एकच, तो खरोखर उभा असावा. पेरणीला लागणारा नको, टँकर ओढणारा नको, पेटीतली कोंबडी उठायची वाट बघणाराही नको. फोन दुपारी करावा. सकाळी बायको उचलते, आणि ती पहिला प्रश्न काय विचारेल ते तुम्हाला आता माहीत आहे.